आईच्या मसाल्याचा लाल

आमच्या घरात रंगांची जाण फक्त मला आहे, असं माझं बरीच वर्षं प्रामाणिक मत होतं.

घरच्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. मी नोकरी करतो विमा कंपनीत, पण चारकोपच्या आमच्या सोसायटीत मला ओळखतात ते 'बोर्डवाले' म्हणून. टाकी साफ करायची असली, गच्चीला कुलूप लावायचं असलं, सत्यनारायणाची पूजा असली, की सूचना बनवायची ती मीच. लॅपटॉपवर फोटो सजवायचं सॉफ्टवेअर मी स्वतःच्या हिमतीवर शिकलोय (म्हणजे कोणी शिकवायला तयार नव्हतं). अक्षरांना सोनेरी झळाळी, मागे सावली, त्या सावलीलाही थोडी सावली, कोपऱ्यात कमळ. 'उद्या पाणी येणार नाही' ही माझी सूचना इतकी सुंदर झाली होती की लोक तिचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवत होते. पाणी भरायचं मात्र बऱ्याच जणांचं राहून गेलं.

तर अशा या कलावंताच्या आईनं एक दिवस जाहीर केलं की ती स्वतःचा मसाला विकणार.

आईचा मालवणी मसाला ही काही साधी गोष्ट नाही. बाबा कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हापासून ती मसाला करते. मिरच्या स्वतः निवडते, गच्चीत उन्हात घालते, एकेक जिन्नस वेगळा भाजते, मग डंकावर स्वतः उभी राहून कुटून घेते. डंकवाला तिला घाबरतो. त्या मसाल्यावर आमची शिक्षणं झाली. पण इतकी वर्षं तो मसाला एक दुकानदार त्याच्या नावाच्या पिशवीत भरून विकायचा. लोक त्या दुकानाचं नाव घ्यायचे आणि आमच्याच घरी येऊन सांगायचे, "काय मसाला असतो हो त्यांच्याकडे!" आई त्यांना चहा द्यायची आणि गप्प बसायची. मला त्याचा फार राग यायचा. तिला येत असेल तर तिनं तो कधी दाखवला नाही.

आता बोरिवलीत महिलांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात आईला टेबल मिळालं होतं. पारदर्शक पिशव्या आणल्या. त्यावर चिकटवायला लेबल हवं होतं.

"बाबू, तुका जमतला मा?" आईनं विचारलं.

"आई, तू कोणाला विचारतेयस?"

"तुकाच विचारतंय. म्हणून विचारतंय," आई म्हणाली. "आणि माझा नाव जरा मोठा दिसाक होया."

तेवढं एकच मागणं तिनं केलं. 'सुमतीचा मालवणी मसाला.' सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा तिचं नाव तिच्या मसाल्यावर लागणार होतं.

मी कामाला लागलो. ताटलीत मसाल्याचा डोंगर केला, खिडकीत ठेवून फोटो काढला, लेबलच्या मधोमध गोलात बसवला. वर आईचं नाव, खाली बारीक अक्षरात कोणकोणते जिन्नस आहेत ते, आणि वापरायची पद्धत. मग मुख्य काम, म्हणजे लाल रंग! मसाल्याची ताटली लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरून मी फोटोचा लाल वाढवत गेलो. वाढवत गेलो म्हणजे किती, तर वृषाली, माझी बायको, स्वयंपाकघरातून आली आणि डोळ्यांवर हात घेऊन म्हणाली, "अरे, हा मसाला आहे की सिग्नल?"

"विकायची वस्तू आहे. लांबून दिसली पाहिजे."

"लांबून लोक थांबतील. पुढे येतीलच असं नाही."

तिला रंगांची जाण नाही, हे मी वर सांगितलंच आहे.

लेबलं छापणार होता बंड्या. बंड्या माझा शाळेतला मित्र, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा छपाईचा गाळा आहे. शाळेत चित्रकलेत नापास झालेला हा माणूस आता दिवसरात्र रंगांत असतो आणि त्याबद्दल भेटेल त्याला ऐकवतो. मी त्याला लॅपटॉप उघडून डिझाईन दाखवलं.

"झकास," तो म्हणाला. "फाइल कशात बनवलीस? आरजीबी की सीएमवायके?"

यातलं मला काहीच कळलं नाही, पण बंड्यासमोर नाही कसं म्हणायचं?

"दोन्हीत," मी म्हणालो.

बंड्या माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर रिपोर्ट वाचताना बघतात तसा.

"हे बघ यार," तो म्हणाला, "पडद्यावर रंग उजेडाचा असतो. लाल, हिरवा, निळा उजेड. कागदावर उजेड नसतो, शाई असते. निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी, बस. या चार शायांतून तुझा हा भडक लाल बापजन्मात निघणार नाही. फाइल आधी शाईच्या रंगांत बदल, मग खरा रंग कसा येईल ते तुला पडद्यावरच दिसेल. आणि बारीक अक्षरं नुसत्या काळ्या शाईत ठेव. ती चार शायांत टाकलीस की मशीन जरा हललं तरी अक्षराला भुतं दिसतात."

"ते मला माहीत आहे रे," मी म्हणालो.

"आणि प्रूफ बघायला ये. एक कागद काढून दाखवतो, मग पुढचे."

घरी येऊन मी इमानदारीत ते बटण शोधलं आणि दाबलं. क्षणात माझा लाल विझला! पडद्यावरचा मसाल्याचा डोंगर असा मलूल झाला की मलाच त्याची कीव आली. मी घाबरून उलटं बटण दाबलं. लाल परत आला. पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा विझला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे बटणच खराब आहे. आपल्या हातानं रंग मारायचा आणि वर त्याला छपाईची तयारी म्हणायचं, हे मला पटेना. मी फाइल होती तशीच ठेवली आणि बंड्याला काय कळतं असं स्वतःशी म्हणालो.

बारीक अक्षरांचंही तेच. नुसती काळी शाई मला केविलवाणी वाटली. मी काळ्यात सगळेच रंग ओतले, म्हणजे काळा कसा काळाकुट्ट. आणि सवयीनं सावली दिली.

पुढे मी जे केलं ते फक्त आमच्या घरातच होऊ शकतं. लेबल आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आमच्याकडे पडद्याचं कापड घ्यायचं असलं तरी ते ग्रुपवर जातं, मग हे तर आईचं लेबल. कुडाळहून मामाचा लगेच निरोप आला, 'छान. लाल अजून जरा लाल पाहिजे.' मामाच्या फोनची काच फुटलेली आहे आणि बॅटरी वाचवायला तो उजेड कायम कमी ठेवतो, हे मला माहीत होतं. पण मामा म्हणतो म्हणजे सुधारणा करायलाच हवी! मी लाल अजून वाढवला. मामानं अंगठा दाखवला. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. आईनं आपल्या फोनवर लेबल उघडलं, दोन बोटांनी नाव मोठं केलं आणि बराच वेळ बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना बंड्याचा फोन.

"फाइल कुठाय? तुझं काम आज घेतलं तरच प्रदर्शनाला मिळेल. नंतर मशीनवर मोठं काम चढतंय."

लॅपटॉप घरी होता. पण कलावंत अडून राहत नाही. लेबल ग्रुपवर होतंच की. मी तिथून ते बंड्याला फॉरवर्ड केलं.

"अरे, हा फोटो आहे," बंड्या म्हणाला. "वर फॉरवर्डेड लिहून आलंय. व्हॉट्सॲपनं चिरडून टिकलीएवढा केलाय. मूळ फाइल दे."

"पडद्यावर तर एकदम स्वच्छ दिसतोय."

"तुझ्या फोनच्या पडद्यावर दिसतोय रे. मी काय फोन छापतोय? बरं, प्रूफ बघायला तरी ये."

"बंड्या, सगळ्या घरानं पास केलंय. मामानंसुद्धा."

"मामा प्रेसमध्ये असतो का?"

"कुडाळला असतो."

पलीकडे बंड्यानं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. मग म्हणाला, "नीट ऐक. मी छापतो, पण नंतर माझ्या नावानं बोंबलायचं नाही. लिहून पाठव, छाप म्हणून."

मी अंगठा पाठवला.

लेबलांचा गठ्ठा घरी आला तो प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी. आईनं देवापुढे दिवा लावला होता. गठ्ठ्याला हळदकुंकू वाहिलं, मग मला म्हणाली, "उघड." मी कागद फाडला.

मधल्या गोलात एक तपकिरी ढीग होता. जवळून पाहिला तर त्याचे चौकोन चौकोन दिसत होते, जणू मसाला कुटलेला नसून फरशीसारखा बसवलेला आहे. खालची बारीक अक्षरं तर विचारूच नका. प्रत्येक अक्षराला एका बाजूला गुलाबी कड, दुसऱ्या बाजूला निळी. एक सावली मी दिली होती, बाकीच्या मशीननं दिल्या होत्या. धणे कुठे संपतात आणि बडीशेप कुठे सुरू होते ते कळायला मार्ग नव्हता.

वृषालीनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "ही कॉफी आहे का?" तिनं हळूच विचारलं.

आईनं लेबल खिडकीकडे नेऊन पाहिलं. "बाबू," ती शांतपणे म्हणाली, "ह्यो मसालो नाय. ही चायपावडर."

मी तिथल्या तिथे बंड्याला फोन लावला. मशीनवर दुसरं काम चढलं होतं ते उद्या संध्याकाळी उतरणार होतं, आणि प्रदर्शन उद्या सकाळी उघडणार होतं. "अंगठा कोणी पाठवला होता?" एवढंच त्यानं विचारलं. मी फोन ठेवला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या पिशवीत गेलेला मसाला, आणि पहिल्यांदा आईच्या नावानं निघाला तो हा असा! शेजारच्या टेबलांवर चकचकीत पाकिटं असणार, आणि मध्ये माझी आई चहापावडर घेऊन बसणार. मला खरंच रडू येत होतं.

पण रडण्याआधी मी प्रयत्न केले, हे नमूद करतो. आधी लाल स्केचपेन घेतलं आणि एका लेबलवरचा ढीग रंगवला. तपकिरीवर लाल गेल्यावर तो जांभळा झाला. चहापावडरीचं वांगं झालं.

"नेलपॉलिश आहे का तुझं लाल?" मी वृषालीला विचारलं.

"आहे. देणार नाही," ती म्हणाली. पण माझं तोंड बघून तिनं दिलं. नेलपॉलिश लावल्यावर ढीग लाल झाला हे खरं. फक्त तो चमकायला लागला आणि मसाल्याला वास आला ब्यूटी पार्लरचा. वाळायला पंख्याखाली ठेवलं, तर लेबल उडून माझ्याच शर्टाला चिकटलं, मसाल्याच्या बाजूनं. पांढरा शर्ट होता. आता मीच सुमतीचा मालवणी मसाला दिसत होतो. मग माझी नजर देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यावर गेली.

"खबरदार," आई म्हणाली. "करंड्याक हात लावशीत तर. गप रव जरा."

मी हात मागे घेतला. आईनं एक पिशवी घेतली, मसाला भरलेली. त्यावर लेबल धरलं. बाजूला केलं. पुन्हा धरलं. पिशवीतला मसाला खिडकीच्या उजेडात लालबुंद दिसत होता, कोणत्याही बटणाशिवाय. ती मला काही बोलेल, रागावेल, निदान सुस्कारा सोडेल, अशी मी वाट बघत होतो. ती विचार करत होती. मासळी घेताना करते तसा, ओठ मिटून.

"गो वृषाली," ती म्हणाली, "करंजेचा कातणा खंय ठेवलंस?"

"आई, आत्ता करंज्या?" मी म्हणालो.

"फोटो कित्याक होयो?" आई म्हणाली. "खरो मसालो भितूर आसा मा!"

एवढं म्हणून तिनं पोळपाट घेतला, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली, घडीवर लेबल. लेबलवरच्या फोटोवर आमटीची वाटी पालथी घातली आणि वाटीच्या कडेनं कातण्याचं दातेरी चाक दाबून फिरवलं. कागद पुरता कापला गेला नाही, पण दातांची रेघ उमटली. त्या रेघेवर आईनं अंगठा दाबला आणि माझा फोटो, ज्याच्यावर मी, मामा आणि अख्ख्या ग्रुपनं मेहनत घेतली होती, तो चकतीसारखा सुटून पडला. उरलेलं लेबल तिनं पिशवीवर चिकटवलं.

वर 'सुमतीचा', मोठ्या ठसठशीत अक्षरात. ती अक्षरं मोठी असल्यामुळे माझ्या तावडीतून वाचली होती. खाली करंजीसारखी नक्षीदार कड असलेली गोल खिडकी. आणि खिडकीत मसाला, खराखुरा, नुसता बघून ठसका लागावा असा. मी आणि वृषाली बघतच राहिलो. काय बाई आहे ही, असं माझ्या मनात आलं, आणि आपण हिचा मुलगा आहोत याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. (नेलपॉलिशचा वासही होताच.)

"आणि बारीक अक्षरं?" मी विचारलं. "ती कोणाला वाचता येणार नाहीत."

"मी आसंय मा थंय. तोंडान सांगतलंय."

मग दिवसभर आमच्या घरात करंज्यांचा कारखाना चालला. आई कातणं फिरवत होती, वृषाली चकत्या काढत होती, मी चिकटवत होतो. मला कातणं द्यायला दोघींचा विरोध होता आणि त्यात मला काही चूक दिसली नाही. काही खिडक्या वाकड्या झाल्या. आई म्हणाली, करंज्या तरी सगळ्या सारख्या कुठे होतात.

प्रदर्शनात आमचं टेबल लोणच्यांच्या आणि पापडांच्या मध्ये आलं. आजूबाजूच्या पाकिटांवर सुंदर फोटो होते, माझ्या लालपेक्षाही लाल. बायका ते बघत बघत यायच्या आणि आईच्या टेबलापाशी थांबायच्या. कोणी खिडकीवरून बोट फिरवायचं, कोणी पिशवी उजेडाकडे धरायचं.

"रंग घातलाय का हो?" एकीनं विचारलं.

"रंग घालूक आमका येत नाय," आई म्हणाली. मी पिशव्या नीट लावायला टेबलाखाली वाकलो.

आणि मग तिचं सुरू झालं. बारीक अक्षरं वाचता येत नव्हती हे बरंच झालं म्हणायचं, कारण प्रत्येक बाई विचारायची आणि आई प्रत्येकीला सांगायची. मिरच्या कोणत्या, बडीशेप कितपत भाजायची, कालवणात कधी घालायचा आणि उसळीत कधी. ऐकायला घोळका जमला. लोणचीवाल्या बाई स्वतःचं टेबल सोडून ऐकायला आल्या. घरी पाहुण्यांना चहा देऊन गप्प बसणारी माझी आई अशी बोलते, हे मला माहीतच नव्हतं. दुपारी जेवायच्या वेळी टेबलावर फक्त आमचा डबा उरला होता.

संध्याकाळी बंड्या आला. मला चार शब्द सुनावायचे म्हणून आला असणार, पण आईनं ठेवून घेतलेली एक पिशवी हातात घेऊन तो उलटसुलट करत राहिला.

"काकी, ही खिडकी कोणाची कल्पना?" त्यानं विचारलं. "असा दातेरी कट मारायला मी साचा बनवला असता तर आठवडा गेला असता."

"ह्या माझ्या झिलान केल्यान," आई म्हणाली. मुलानं केलं, हे तिनं इतक्या सहज म्हटलं की आजूबाजूच्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मी आईकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिच्या लेखी लेबल मी केलं होतं, खिडकी लेबलात होती, म्हणजे खिडकी माझी.

बंड्यानं माझ्या शर्टाकडे पाहिलं. कालचाच पांढरा शर्ट होता, डाग धुऊनही गेला नव्हता. "नेलपॉलिश?" त्यानं विचारलं.

"तू गप रे," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला मी फाइल शहाण्यासारखी केली. शाईच्या रंगात बदलली, विझलेला लाल निमूटपणे पाहिला, बारीक अक्षरं नुसत्या काळ्या शाईत ठेवली, सावल्या काढल्या, ग्रुपवर काही टाकलं नाही. (मामा अजून रागावलेला आहे.) मूळ फाइल घेऊन स्वतः गाळ्यात गेलो, प्रूफ उजेडात धरून वाचलं. मधोमध करंजीच्या कडेचा गोल होता आणि गोलात काहीही नव्हतं. तेवढ्यासाठी बंड्यानं साचा बनवून ठेवला होता.

आता आईचा मसाला बऱ्याच घरी जातो, तिच्याच नावानं. घरी कोणी आलं की ती चहा देते आणि गप्प बसत नाही. पिशवी आणून पाहुण्यांपुढे ठेवते. "लेबल माझ्या झिलान केल्यान," असं सांगते आणि माझी कला नेमकी कुठे आहे ते कळावं म्हणून त्यावर बोट ठेवते. बोट दरवेळी भोकावरच असतं.